कोकणातून रेल्वेने नेपाळ: ओळखपत्र, सीमेवरची गाडी आणि होमस्टे

रत्नागिरी-कुडाळकडून रेल्वेने शेजारच्या देशात जायचं तर सध्या नेपाळ हाच सरळ पर्याय आहे. बांगलादेशच्या मैत्री, बंधन आणि मिताली या गाड्या जुलै २०२४ मध्ये थांबल्या आणि तिथे व्हिसाही लागतो, म्हणून त्यांच्या भरवशावर सुट्टी टाकू नका. भूतानला आपल्याला व्हिसा नाही, पण रेल्वे हासीमारापर्यंतच पोचते. शिवाय सरहद्दीवरचं फुंटशोलिंग सोडून आत गेलात की दर माणशी दर रात्री १,२०० रुपये शुल्क लागतं. नेपाळला व्हिसा नाही आणि असं रोजचं शुल्कही नाही.

कोणतं ओळखपत्र चालतं

बहुतेकांची फसगत इथेच होते. गावापासून बिहारपर्यंत गाडीत आधार दाखवून प्रवास होतो, म्हणून सीमेवरही ते चालेल असं गृहीत धरलं जातं. ते चालत नाही. १८ ते ६५ वयाच्या भारतीयाला मुदतीतला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार, पॅन आणि वाहन परवाना ही कागदपत्रं १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या प्रवाशांनाच वय आणि ओळख पटवण्यासाठी उपयोगी पडतात. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र न्यावं. शाळेचं रोजचं आयकार्ड म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हे.

बिहारमध्ये सरहद्दीवर असलेल्या जयनगरहून सुटणाऱ्या नेपाळच्या गाडीत कुटुंबाला एक सवलत आहे. पती, पत्नी, अज्ञान मुलं आणि आईवडील एकत्र जात असतील आणि त्यांतल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांचं काम फोटो असलेल्या आणि नातं दाखवणाऱ्या कागदावर भागतं. रेशनकार्ड, वाहन परवाना, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र त्यात मोडतं. सवलत फक्त कुटुंबाला आहे, मित्रांच्या टोळक्याला नाही. कुटुंब असलात तरी शक्य तितक्या जणांनी स्वतःचं कार्ड न्यावं, कारण परतताना वेगळ्या नाक्यावरून आलात तर तिथे या सवलतीवर विसंबता येणार नाही.

मतदार कार्ड नसेल तर

नवीन नोंदणीसाठी फॉर्म ६ भरायचा. पत्ता बदलणं, दुरुस्ती आणि हरवलेल्या कार्डाची दुसरी प्रत या तिन्हींसाठी फॉर्म ८ आहे. दोन्ही अर्ज मतदार सेवा पोर्टलवर किंवा निवडणूक आयोगाच्या ॲपवर करता येतात. फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा एवढंच जोडायचं असतं. मग बीएलओ (मतदार यादीचं काम पाहणारा स्थानिक अधिकारी) घरी पडताळणीला येतो आणि कार्ड पोस्टाने नोंदवलेल्या पत्त्यावर जातं.

चाकरमान्यांचा घोळ नेमका या शेवटच्या टप्प्यात होतो. नाव गावच्या यादीत, माणूस डोंबिवलीत आणि गावच्या घराला कुलूप. बीएलओला कोणी भेटत नाही, म्हणून अर्ज अडकतो. तो पुढे सरकलाच तर पोस्टमन कार्ड परत पाठवतो. नाव जिथे राहता तिथे हलवायचं की गावीच ठेवायचं, हे आधी ठरवा. गावीच ठेवणार असाल तर शेजाऱ्याचा फोन बीएलओला द्या आणि पोस्टात सांगून ठेवा. नाव दोन्हीकडे ठेवणं बेकायदा आहे.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी रेल्वे तिकिटावर मतदार कार्डावरचंच नाव घालावं. कार्डावर माहेरचं नाव आणि तिकिटावर सासरचं असेल तर प्रत्येक तपासणीला खुलासा देत बसावं लागतं. कार्डावरचा फोटो ओळखू न येण्याइतका जुना असेल तर तोही फॉर्म ८ मध्येच बदलून घ्या. ई-एपिक (मतदार कार्डाची डिजिटल प्रत) मोबाइलमध्ये असू द्या, पण सीमेवर मूळ कार्डच दाखवा.

पासपोर्ट काढायचा असेल तर

साधं ३६ पानी पुस्तक १,५०० रुपयांना मिळतं आणि तत्काळसाठी २,००० जास्त पडतात. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. पोलिस पडताळणी अर्जातल्या सध्याच्या पत्त्यावर होते. म्हणून जिथे खरोखर राहता तोच पत्ता लिहा. गावचा लिहिलात तर पडताळणीच्या वेळी गावी हजर राहायची तयारी ठेवा. फक्त नेपाळला जायचं असेल तर पासपोर्टची घाई नको, मतदार कार्ड पुरतं.

तिकिटं

आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. कोकणकन्या किंवा तुतारीने ठाण्याला उतरायचं आणि लोकमान्य टिळक टर्मिनसहून जयनगरला जाणारी पवन एक्सप्रेस (११०६१) पकडायची. ही गाडी दीड दिवसाहून जास्त वेळ घेते. छठ, होळी आणि मे महिन्यात तिची यादी पहिल्याच दिवशी भरते.

दोन तिकिटं काढताना पीएनआर जोडायची सोय वापरा. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे रद्द-शुल्क न कापता परत मिळतात. त्यासाठी दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावं तंतोतंत तीच हवीत आणि पहिला प्रवास जिथे संपतो तिथूनच दुसरा सुरू व्हायला हवा. ठाण्याला उतरून कल्याणहून चढणारे ही सोय गमावतात. तुमच्या तारखेला पवनचा ठाण्याचा थांबा दिसत असेल तर तिथूनच तिकीट घ्या. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या मुद्दाम हळू चालवतात, तेव्हा दोन गाड्यांमध्ये निदान सहा तास ठेवा.

जयनगर ते जनकपूर

भारतीय रेल्वेच्या जयनगर स्टेशनाला लागूनच नेपाळ रेल्वेचं वेगळं स्टेशन आहे. जनकपूरवरून जाणारी जयनगर-कुर्था ही ३५ किलोमीटरची ब्रॉडगेज सेवा एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये ती बिजलपुऱ्यापर्यंत वाढली. या मार्गावरचे डेमू (डिझेलवर चालणाऱ्या लोकलसारख्या गाड्यांचे) संच नेपाळला कोकण रेल्वेनेच पुरवलेले आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

या गाडीचं तिकीट खिडकीवर ओळखपत्र दाखवून घ्यायचं असतं. घाईगर्दीत मागे राहायचं नसेल तर तासभर आधी पोचा. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं चालतं, तेव्हा सुटायची वेळ विचारताना ती भारतीय की नेपाळी हेही विचारा. सोबत भारत-नेपाळ सोडून तिसऱ्या देशाचा मित्र असेल तर त्याला या गाडीत बसू देत नाहीत. त्याने उत्तर प्रदेशातल्या सुनौलीसारख्या इमिग्रेशन असलेल्या रस्त्याच्या नाक्यावरून व्हिसा घेऊन यावं.

पैशांसाठी १०० आणि त्याहून लहान नोटा न्या, त्या घेताना कुणी कुरकुर करत नाही. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, कमी देणाऱ्याकडे बदलू नका. नेपाळच्या फोनपे (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, पण खेड्यात रोख लागतेच.

यजमानांकडे राहणं

नेपाळात होमस्टे दोन प्रकारचे आहेत: खाजगी आणि सामुदायिक. सामुदायिकसाठी गावातली किमान पाच घरं एकत्र यावी लागतात आणि कुणाकडे उतरायचं ते समिती पाळीपाळीने ठरवते. म्हणून अमुकच घर हवं असा हट्ट तिथे चालत नाही. स्याङ्जा जिल्ह्यातलं सिरुबारी हे अशा गावांतलं सर्वांत जुनं. आधी फोन करून नोंदणी आहे का, जेवण दरात धरलंय का आणि रात्री किती वाजेपर्यंत पोचावं लागेल हे विचारून घ्या. पत्ता लिहून घेताना पालिका किंवा गाउँपालिका (ग्रामीण पालिका) आणि वडा (वॉर्ड) क्रमांक नक्की घ्या, कारण घर शोधायला गावाच्या नावापेक्षा तेच उपयोगी पडतात. फुकट ठेवणाऱ्या यजमानाकडेही हीच माहिती घेऊन ठेवा.

ओळखपत्राची छायाप्रत द्या, मूळ कार्ड कुणाकडेही ठेवायला देऊ नका. भेट म्हणून काजू आणि आमसुलं उत्तम. सुक्या मासळीचं पुडकं मात्र डब्यातले सहप्रवासी दोन रात्री सहन करणार नाहीत.

अन्नपूर्णा परिसरातल्या गावात राहणार असाल तर निसर्ग संवर्धन क्षेत्राचा परवाना वेगळा काढावा लागतो. सार्क देशांच्या नागरिकांना तो १,००० नेपाळी रुपयांत मिळतो. काउंटरवर आपलं नागरिकत्व आधी सांगा, नाहीतर ३,०००ची पावती फाटते.

कार्ड हरवलं तर प्रथम जवळच्या पोलिस चौकीत तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. मग काठमांडूचा भारतीय दूतावास किंवा वीरगंजचं महावाणिज्य दूतावास गाठा. परतीसाठी तिथून आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी दोन पासपोर्ट आकाराचे फोटो आणि कार्डाची छायाप्रत पाकिटात न ठेवता वेगळ्या पिशवीत ठेवा.