पनाही बाप-लेकाच्या दोन गाड्या

'तो गाडीतला इराणी सिनेमा, पनाहीचा' एवढ्या खुणेवर शोधायला गेलात तर हाती दोन चित्रपट लागतात. 'टॅक्सी' (2015) जाफर पनाहींचा, आणि 'हिट द रोड' (2021) त्यांचा मुलगा पनाह याचा, पहिलाच. आडनाव आणि चार चाकं एवढंच काय ते सारखं.

जाफर यांना 2010 मध्ये सहा वर्षांचा तुरुंगवास सुनावला गेला आणि वीस वर्षं चित्रपट करायला बंदी. म्हणून 'टॅक्सी'त गाडी हाच स्टुडिओ. दिग्दर्शक स्वतः तेहरानमध्ये टॅक्सी हाकतो, डॅशबोर्डवर छोटा कॅमेरा, माणसं चढतात, भांडतात, उतरतात. त्यांच्या भाचीला शाळेसाठी फिल्म करायचीय. बाईंनी दिलेले नियम ती धडाधडा वाचून दाखवते. बायकांचं डोकं झाकलेलं हवं, स्त्री-पुरुषांचा स्पर्श नको, चांगल्या पात्राला टाय नको. अख्खी सेन्सॉरशिप एका चुणचुणीत पोरीच्या तोंडून! बर्लिन चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, 'गोल्डन बेअर', घ्यायलाही तीच गेली. मामाला देशाबाहेर जायची मुभा नव्हती.

मुलाच्या चित्रपटात एक कुटुंब तुर्कस्तानच्या सरहद्दीकडे निघालंय. पायाला प्लास्टर घातलेला बाप, हसता हसता डोळे भरून येणारी आई, स्टिअरिंगवर गप्प थोरला, तोंडाला विश्रांती नसलेला धाकटा, आणि आजारी कुत्रा. थोरला चोरवाटेने देश सोडणार आहे. धाकट्याला मात्र 'दादा लग्न करायला चाललाय' अशी थाप मारलेली. त्याने लपवून आणलेला मोबाइल आई काढून घेते, माग लागू नये म्हणून. जामिनापायी घर गेलंय, हेही ओघात कळतं. पण थोरल्याने नेमकं केलंय काय, हे शेवटपर्यंत कुणी सांगत नाही.

गंमत बघा, ज्याच्यावर तेव्हा बंदी होती तो बाप सगळं उघड बोलून मोकळा होतो, आणि मुलगा मूळ कारणाचं नावसुद्धा काढत नाही. बापाचा कॅमेरा बहुतेक वेळ गाडीतच. मुलाचा मात्र खाली उतरून लांब जातो. निरोपाच्या वेळी तर इतका लांब, की डोंगरउतारावर माणसं ठिपक्याएवढी दिसतात आणि रडणारा चेहरा एकही दिसत नाही. मला 'हिट द रोड' जास्त भिडला तो इथे.

आणि हो, त्यातल्या आईची भूमिका करणाऱ्या पांतेआ पनाहीहा या घरातल्या नव्हेत. नाव तेवढं जवळचं.