डावीकडे नेम, उजवीकडे चेंडू

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला नुसतं ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाशी आणून सोडतो. तिथे रणजीचे सामने होतात, पहाटे लोक ट्रॅकवर चालतात. गोल्फचं फक्त नाव उरलंय. मला हा खेळ शिकवला तो मामांनी, देवळालीला. त्यांची सगळी नोकरी तोफखान्यात झाली आणि गोल्फही फौजेतच शिकले.

पहिल्या दिवशी माझा प्रत्येक चेंडू बरा निघायचा आणि पुढे जाऊन उजवीकडे वळायचा. मी उजव्या हाताने खेळतो. चेंडू उजवीकडे जातोय म्हणून मी डावीकडे नेम धरू लागलो, तर तो आणखीच वळायला लागला. मामांनी मला खाली बसवलं. पाच नंबरच्या आयर्नने, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबने (गोल्फच्या काठीने), जमिनीची बोटभर जाड खपली उडाली होती आणि मागे राहिलेल्या खळग्याचं तोंड चक्क डावीकडे होतं.

“चेंडू कुठे गेला ते सोड,” मामा म्हणाले. “क्लब कुठून कुठे गेला ते इथे लिहिलंय, ते वाच.”

चेंडू असा उजवीकडे वळण्याच्या चुकीला गोल्फर ‘स्लाइस’ म्हणतात. नवशिक्यांपैकी बहुतेकांना ती भेटतेच. चेंडू आणि क्लब एकमेकांना टेकलेले असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. तेवढ्या वेळात दोनच गोष्टींवर चेंडूची वाट ठरते: क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, कुठे बघतेय आणि क्लब कुठल्या दिशेने चाललाय. दुसरीला ‘पाथ’ म्हणतात. चेंडू निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. पण फेस आणि पाथ यांच्यात फरक पडला की चेंडूच्या फिरकीचा आस कलतो आणि चेंडू हवेत वळतो. कित्येक वर्षं याच्या उलट शिकवलं जायचं, की चेंडू निघतो पाथच्या दिशेने आणि वळतो फेसकडे. या शतकाच्या सुरुवातीला रडारने चेंडू मोजता येऊ लागले तेव्हा ती समजूत मोडली.

आता माझी चूक कळते. डावीकडे नेम धरल्यावर माझा पाथ आणखी डावीकडे गेला, पण फेस भोकातल्या झेंड्याकडेच बघत राहिला. दोघांमधलं अंतर वाढलं, म्हणून वळणही वाढलं. मी जे औषध घेत होतो त्यानेच दुखणं वाढत होतं.

हवेत वळण्यामागचं कारण मामांच्या जुन्या खात्यातलं निघालं, याचा मला फार आनंद झाला. 1852 मध्ये बर्लिनच्या हाइनरिश गुस्ताव माग्नुस यांनी जो प्रश्न हाती घेतला होता, तो तोफगोळे वाटेवरून का ढळतात हा होता. फिरणारा गोळा आपल्याभोवतीची हवा एका बाजूला लोटतो आणि स्वतः उलट बाजूला ढकलला जातो. गोल्फचा चेंडू उलटा फिरत निघतो, हवा खाली लोटतो, म्हणून वर उचलला जातो. आस उजवीकडे कलला की त्या उचलण्यातलाच थोडा जोर उजवीकडे लागतो. स्लाइस म्हणजे एवढंच. एडिंबरोचे प्राध्यापक पीटर टेट यांनी ही उलटी फिरकी साध्या फितीने दाखवून दिली. लांब फितीचं एक टोक चेंडूला, दुसरं जमिनीला बांधलं, चांगल्या खेळाडूकडून चेंडू जवळच्या चिकणमातीत मारून घेतला आणि फितीला पडलेला पीळ बघितला! त्यांचा मुलगा फ्रेडी 1896 आणि 1898 चा ब्रिटिश अमॅच्युअर विजेता. अशा घरात हा प्रश्न जेवणाच्या टेबलावरही निघत असणार.

ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, स्लाइस जास्त आणि नऊ नंबरच्या आयर्नने कमी का, तेही यातच आलं. ड्रायव्हरचा फेस साधारण 10 अंश मागे झुकलेला, नऊ नंबरचा 40 च्या आसपास. जास्त झुकलेला फेस चेंडूला इतकी उलटी फिरकी देतो की तेवढ्याच चुकीने आस फारसा कलत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास उंच आहे, हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, म्हणून चेंडू ढकलला जातो तोही कमी. तोच फटका मुंबईत किंचित जास्त वळेल.

स्लाइसच्या उलट डावीकडे वळतो तो हुक. मुद्दाम आणलेलं हलकं वळण असेल तर उजवीकडचा फेड आणि डावीकडचा ड्रॉ. त्या चुका नव्हेत, ते कसब आहे. क्लब चेंडूआधी जमिनीत रुतला की ‘फॅट’, चेंडूच्या डोक्याला लागला की ‘टॉप’. टॉपचं मूळ बहुधा विटीदांडूच्या सवयीत असतं: आपण चेंडू उचलायला जातो. उचलायचं काम फेसच्या झुकावाचं आहे, आपण फक्त खाली मारायचं. दांडा क्लबच्या डोक्यात जिथे बसतो त्या गोल भागावर चेंडू आदळला तर ‘शँक’, चेंडू एकदम उजवीकडे. ‘कास्टिंग’ म्हणजे मनगट वेळेआधी सुटणं. आसूड ओढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. टोकाचा वेग अगदी शेवटी हवा, आधीच खर्चला तर आवाज निघत नाही.

माझी चूक ‘ओव्हर द टॉप’ची होती: खाली येताना आधी उजवा खांदा पुढे यायचा आणि क्लब बाहेरून आत कापत जायचा. मामांनी आपली चप्पल काढून चेंडूच्या वीतभर मागे, जराशी पलीकडच्या बाजूला ठेवली. क्लब बाहेरून आला तर आधी चप्पल उडणार. तिसऱ्या रविवारपर्यंत ती पुष्कळदा उडाली. मग एक फटका असा बसला की चप्पल जागच्या जागी, खळगा जरासा उजवीकडे, आणि चेंडू निघाला तोही उजवीकडेच, पण ताणलेल्या दोरीसारखा सरळ.

“याला पुश म्हणतात,” मामा म्हणाले. “वळला नाही ना? आता ये, ग्रिप बघू.”