चॉकलेटचे वेष्टण आणि फळातले पाणी

वितळलेल्या चॉकलेटमध्ये स्ट्रॉबेरी बुडवून ती थंड होऊ द्यायची, हे काम आज घरातील मुलेही हौसेने करतात; मात्र दोनशे वर्षांपूर्वी ते कोणत्याच स्वयंपाकघरात शक्य नव्हते, कारण बुडवण्याजोगे चॉकलेटच नव्हते. मध्य अमेरिकेतील माया आणि ॲझ्टेक लोक कोको फेसाळ पेयाच्या रूपात घेत असत, आणि सोळाव्या शतकात तो स्पेनमार्गे युरोपात पोचल्यानंतरही तीनएक शतके मुख्यतः पेलाच त्याचे घर राहिला.

१८२८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन यांनी कोकोतील स्निग्धांश दाबून वेगळा काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यांना पेयासाठी कमी तेलकट पूड हवी होती. पण या कथेत महत्त्वाचे ठरले ते वेगळे निघालेले कोको बटर. ते वितळवून कोको आणि साखरेच्या मिश्रणात घातले, तर साच्यात ओतता येणारे चॉकलेट मिळते, हे १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने दाखवून दिले. तरीही ते चॉकलेट जिभेला रवाळ लागे. १८७९ मध्ये बर्न शहरात रोडोल्फ लिंट यांनी ते तासन्‌तास घोटण्याचे यंत्र वापरात आणले, तेव्हा कोठे चॉकलेट मऊ आणि सहज वाहणारे झाले. फळावर पातळ, एकसारखे वेष्टण चढते त्याचे मोठे श्रेय मी या घोटण्यालाच देईन.

खरी अडचण फळाच्या बाजूने आहे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे काही थेंब जरी पडले, तरी साखरेचे कण ओलसर होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळे मिश्रण खरखरीत गोळ्यासारखे आळते. फ्रान्समधील मिठाईवाले संत्र्याची साल आधी साखरेच्या पाकात मुरवून, सुकवून मग चॉकलेटमध्ये बुडवतात, त्यामागे हेही शहाणपण आहे. आपल्या मोरावळ्यातही साखर फळातील पाणी असेच बांधून ठेवते. ताज्या फळाला ही सोय नसते. रसाळ स्ट्रॉबेरी धुतल्यावर पूर्ण कोरडी करावी लागते आणि बुडवल्यानंतर त्याच दिवशी खाल्लेली बरी, कारण वेष्टणाच्या आत ती पाणी सोडू लागते.

दुसरी अडचण तापमानाची. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकरूपांत गोठू शकते आणि त्यांतील पाचवे रूपच चकाकी व कडक तुटणे देते. त्यासाठी गडद चॉकलेट ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत वितळवून, २८ अंशांच्या आसपास थंड करून, पुन्हा ३१–३२ अंशांवर आणतात; यालाच टेंपरिंग म्हणतात. हे चुकले की वेष्टण मऊ राहते किंवा त्यावर पांढरट थर येतो. शिवाय हे पाचवे रूपही साधारण ३४ अंशांना वितळते, म्हणजे विदर्भातील उन्हाळ्यात ते साध्या खोलीतही टिकणार नाही.

आपल्याकडे घरगुती चॉकलेटसाठी ‘कंपाउंड’च्या लाद्या सर्रास वापरल्या जातात, त्या म्हणूनच. त्यांत कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, त्यामुळे टेंपरिंग लागत नाही. चवीत ते खऱ्या चॉकलेटची बरोबरी करत नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि अशा फळासाठी निदान एकदा तरी थर्मामीटर हाताशी घेऊन कोको बटर असलेले चॉकलेट वितळवावे.