पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकाचा कागदोपत्री शोध

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) ब्रिटिश सैन्यात असलेल्या पूर्वजाची सेवा सरकारी दप्तरांतून जुळवून काढण्याचे काम. ब्रिटनमध्ये घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला यात उतरावे लागते, कारण जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला आणि युद्ध घरोघरी पोहोचले. सैनिकाची फाइल मागवली आणि वाचली, इतके हे सरळ मात्र नाही. बहुतेकांच्या बाबतीत ती फाइल आज अस्तित्वातच नाही.

प्रायव्हेटपासून सार्जंट मेजरपर्यंतच्या माणसांच्या सेवाफायली लंडनच्या वॉलवर्थ भागात आर्नसाइड स्ट्रीटवरच्या कोठारात ठेवलेल्या होत्या. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात या कोठाराला आग लागली आणि निम्म्याहून जास्त फायली जळाल्या. जे वाचले त्याला अभ्यासक ‘जळके कागद’ म्हणतात. ते लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ३६३’ या मालिकेत आहेत (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, तेव्हाचे युद्धखाते). पानांच्या कडा करपलेल्या आहेत आणि आग विझवताना पडलेल्या पाण्याने शाई पसरली आहे. मूळ पाने हाताळण्याजोगी नसल्यामुळे त्यांचे मायक्रोफिल्म घेतले गेले आणि आता त्यावरून केलेल्या संगणकीय प्रती वाचायला मिळतात. कुणाची तीस पाने निघतात, तर कुणाचे एकच, तेही अर्धे. ‘डब्ल्यूओ ३६४’ ही दुसरी मालिका पेन्शन खात्याकडून आली. जखमी किंवा आजारी होऊन सैन्यातून सुटलेल्यांचे कागद तिच्यात आहेत. म्हणून पेन्शन मिळालेल्या माणसाचा माग लागण्याची शक्यता धडधाकट परतलेल्यापेक्षा अधिक. अधिकाऱ्यांच्या मुख्य फायलीही त्याच आगीत गेल्या, पण त्यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या फायली बऱ्याच शिल्लक आहेत.

फाइल नसली की शोध सैनिकाच्या क्रमांकावर येतो. त्या काळी सबंध सैन्याला मिळून एक क्रममालिका नव्हती, प्रत्येक रेजिमेंटची आपली वेगळी होती. त्यामुळे एकच क्रमांक अनेकांचा असू शकतो आणि बदली झालेल्या एकाच माणसाचे दोन-तीन क्रमांक असू शकतात. टेरिटोरियल (अर्धवेळ स्वयंसेवकांच्या) पलटणींतल्या शिपायांना तर १९१७ मध्ये नवे सहा आकडी क्रमांक दिले गेले. नाव, रेजिमेंट आणि क्रमांक या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय माणूस आपलाच आहे असे धरू नये. नुसत्या नावसाधर्म्यावरून दुसऱ्याचाच आजोबा आपल्या वंशवृक्षात येऊन बसतो, ही या क्षेत्रातली सर्वांत सर्रास आढळणारी चूक आहे.

क्रमांक मिळवण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे पदक कार्ड. युद्धानंतर पदके वाटताना लष्कराने माणशी एक छोटे कार्ड केले होते. त्यावर वर नाव, मग रेजिमेंट, हुद्दा आणि क्रमांक, त्याखाली मिळालेली पदके आणि पदक-यादीतला पान क्रमांक असतो. सगळ्यात खाली पहिल्यांदा कोणत्या रणक्षेत्रात आणि कधी पाऊल ठेवले याची जागा असते. तिथे ‘२ ब’ दिसले तर गॅलिपोली आणि ‘३’ दिसले तर इजिप्त. ही तारीख सहसा १९१५ अखेरपर्यंत रणक्षेत्रात गेलेल्यांच्याच कार्डावर सापडते. शेऱ्याच्या रकान्यात ‘झेड’ असेल तर माणूस युद्ध संपल्यावर राखीव दलात टाकून घरी सोडला होता. कार्ड पोस्टकार्डाहून मोठे नसते, पण अर्धी हकीकत त्याच्यावर असते.

रेजिमेंट आणि बटालियन कळली की ‘डब्ल्यूओ ९५’ मधली युद्धरोजनिशी उघडावी. बटालियनचा एखादा अधिकारी ती रोज लिहीत असे. त्यात मुक्काम, कूच, हवामान, गोळाबारी आणि मृत-जखमींचे आकडे येतात. अधिकाऱ्यांची नावे येतात, साध्या शिपायाचे नाव क्वचितच. तरीही एखाद्या दिवशी त्याची बटालियन कोणत्या खंदकात होती, हे इथूनच समजते.

युद्धात मरण पावलेल्यांचा शोध तुलनेने सोपा आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाकडे (आजचा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) कबरीची किंवा स्मारकाची नोंद असते. देह न सापडलेल्यांची नावे स्मारकांच्या भिंतींवर कोरलेली आहेत. फ्रान्समधल्या एकट्या तिएपव्हाल स्मारकावर अशी ७२ हजारांहून अधिक नावे आहेत. मृताची देणी कुणाला दिली, याची वही नॅशनल आर्मी म्युझियमकडे आहे आणि तिचा उपयोग वाटतो त्याहून मोठा आहे. वारसाला मिळालेले युद्ध-अनुदान हुद्दा आणि सेवेचा काळ पाहून ठरे. साध्या शिपायासाठी पहिल्या वर्षानंतर दरमहा दहा शिलिंग वाढत. त्यामुळे रकमेवरून उलटा हिशेब करून भरतीचा महिना काढता येतो.

शोधाचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. भारतातल्या नियमित ब्रिटिश पलटणी युरोपात हलवल्यावर त्यांच्या जागी ऑक्टोबर १९१४ मध्ये वेसेक्स डिव्हिजनच्या टेरिटोरियल पलटणी निघाल्या आणि मुंबईत उतरल्या. डेव्हन, सॉमरसेट, हॅम्पशर इथली ही माणसे. काही पुढे मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेली, काही युद्धभर छावणीतच राहिली. भारत रणक्षेत्रात मोडत नसल्याने छावणीत राहिलेल्याला व्हिक्टरी मेडल नाही, फक्त ब्रिटिश वॉर मेडल मिळाले. कार्डावर ते एकटेच पदक दिसले तर भारताचा विचार आधी करावा. मेसोपोटेमियातले जखमी बोटीने मुंबईला आणले जात, म्हणून इंग्लंडमधल्या घराण्यांच्या कागदांत देवळालीच्या इस्पितळाचे नाव येते. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या दफन-नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. भारत आणि पाकिस्तानातल्या ज्या कबरींची देखभाल शक्य राहिली नाही, अशा १,८०० हून अधिक मृतांची नावे पुण्याजवळ खडकीच्या स्मारकावर आहेत.

दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या फायली १९४० च्या त्या आगीत सापडल्या नाहीत. त्या संरक्षण मंत्रालयाकडे होत्या आणि २०२२ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय अभिलेखागाराकडे येत आहेत. जन्माला ११५ वर्षे उलटून गेली नसतील तर फाइल मागताना मृत्यूचा दाखला जोडावा लागतो.