उलट्या तपासणीच्या पेशी

तालुक्याच्या लॅबमध्ये रक्तगट म्हणजे टाइलवर रक्ताचे तीन थेंब. एकावर निळं अँटी-ए, दुसऱ्यावर पिवळं अँटी-बी, तिसऱ्यावर पॉझिटिव्ह-निगेटिव्हसाठी बिनरंगी अँटी-डी. ज्याचं द्रावण, त्याच गटाच्या पेशींच्या त्यात गुठळ्या होतात. पण ही अर्धीच तपासणी झाली. उरलेली उलटी: रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी, घ्यायचं आणि त्यात माहीत असलेल्या ए, बी, ओ गटांच्या पेशी घालून गुठळ्या होतात का ते बघायचं. ती राहून जाते, आणि दर वेळी आळसामुळेच असं नाही. या पेशी जिवंत ठेवाव्या लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात ते सोपं नाही.

लँडस्टायनरने 1901 मध्ये व्हिएन्नात रक्तगट मांडले ते सहकाऱ्यांचं सीरम आणि पेशी एकमेकांत मिसळून. पेशी साठवायची त्याला गरजच नव्हती. रक्तदाते शेजारच्या टेबलावर. नुसत्या सलाइनमध्ये धुतलेल्या पेशी फार टिकत नाहीत. लाल पेशीला केंद्रक नाही, ऊर्जा मिळते ती फक्त साखरेतून, आणि सलाइनमध्ये खायला काहीच नसतं.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रौस आणि टर्नर यांनी 1916 मध्ये सशाच्या रक्तात सायट्रेट आणि डेक्स्ट्रोज ही साखर घालून पाहिलं. सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही, डेक्स्ट्रोज हा पेशींचा जेवणाचा डबा. पुढच्याच वर्षी रॉबर्टसनने फ्रान्सच्या आघाडीवर असं रक्त बर्फाच्या पेटीत ठेवून जखमींना दिलं. एसटीतून येणारी आपली थर्माकोलची पेटी त्याच पेटीची धाकटी बहीण! लॅबला खरा आधार मिळाला तो 1941 च्या आल्सेव्हर द्रावणाचा: मीठ, सायट्रेट, डेक्स्ट्रोज. तयार पेशींच्या कुप्यांत आजही त्याचीच सुधारित रूपं असतात, सोबत प्रतिजैविकं. ती उगाच नाहीत. साठवलेल्या पेशींत जंतू वाढले की त्या कुठल्याही सीरमबरोबर गुठळ्या करतात, हे 1920 च्या दशकातच लक्षात आलं होतं.

उलटी तपासणी टाळली तर काय निसटतं, याचं उत्तर मुंबईतच आहे. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये नोंदवलेला दुर्मीळ बॉम्बे रक्तगट टाइलवर सरळ 'ओ' दिसतो. त्याचं सीरम ओ पेशींच्याही गुठळ्या करतं, पण त्यासाठी हाताशी ओ पेशी हव्यात.

आपल्याकडे त्यात सिकलसेलची, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची भर. मध्य भारतातल्या सिकलसेलवर नागपूरच्या डॉक्टरांचा लेख 1958 चा. या रुग्णांना वारंवार रक्त चढवलं की नको ती प्रतिपिंडं, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, तयार होतात. ती शोधायलाही ताज्या, ओळखीच्या पेशी लागतात. कुपी काही आठवड्यांचीच. फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. पेटीत बर्फ थेट कुपीला टेकला की संपलं.

म्हणून जुन्या हाताचा टेक्निशियन कुपी न हलवता आधी खिडकीशी धरतो. तळाशी लाल थर, वर स्वच्छ पाणी असेल तर ठीक. वरचं पाणी गुलाबी दिसलं की पेशी फुटल्या, कुपी बाद. मग लॅबमधल्याच ए, बी आणि ओ दात्यांच्या रक्ताच्या नळ्या काढायच्या, त्यातल्या पेशी सलाइनने तीनदा धुवायच्या आणि आजच्या दिवसापुरत्या करून ठेवायच्या.