पार्श्वभूमी: आयर्न मेडनची युद्धगाणी आणि पलटणीचं बेळगाव

हेवी मेटल म्हटलं की कवट्या, सैतान आणि केस झटकणारी पोरं, एवढंच बहुतेकांना आठवतं. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडबाबत ही समजूत १९८२ च्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ या अल्बमने पक्की केली. अमेरिकेत काही धार्मिक मंडळींनी त्यांच्या रेकॉर्डी जाळल्या. पण स्टीव्ह हॅरिसने १९७५ मध्ये पूर्व लंडनात उभ्या केलेल्या या बँडला सैतानापेक्षा इतिहासाचा नाद जास्त. त्याच अल्बममधलं ‘रन टू द हिल्स’ अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कत्तलीवर आहे. गायक ब्रूस डिकिन्सन तर कॉलेजात इतिहासच शिकलेला.

बेळगावात ही गाणी जरा वेगळी ऐकू येतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथे आहे, आणि खानापूर, चंदगडकडच्या घरांतून पलटणीत भरती होणं नवलाचं नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांबरोबर पोवाडे लागतात. त्यांत राजा असतो, सरदार असतो, गड घेणारा वीर असतो. मेडनच्या गाण्यात बहुधा बिननावाचा शिपाई बोलतो.

१९८३ च्या ‘पीस ऑफ माइंड’मधलं ‘द ट्रूपर’ घ्या. २५ ऑक्टोबर १८५४ ला, क्रिमियन युद्धात, हुकमांच्या घोळामुळे ब्रिटिश घोडदळ बालाक्लाव्हाला रशियन तोफांच्या तोंडी गेलं. इंग्रज कवी टेनिसनने त्यावर कविता केली. हॅरिसने ती हकिकत मरणाऱ्या स्वाराच्या तोंडी घातली. बेस गिटार तो बोटांनीच वाजवतो, आणि त्या टगडक-टगडक चालीत घोडी उधळल्यागत वाटतात. सिंगलच्या मुखपृष्ठावर लाल डगल्यातला एडी, म्हणजे बँडचं ते ठरलेलं भुतासारखं पात्र, एका हातात तलवार, दुसऱ्यात फाटका झेंडा. टी-शर्टवर हे चित्र मिरवणाऱ्यांपैकी किती जणांना गाण्यातला माणूस शेवटी मरतो हे ठाऊक असेल, देव जाणे.

पुढच्याच वर्षीचं ‘एसेस हाय’ १९४० च्या लढाऊ वैमानिकांवर. १९८६ चं ‘अलेक्झांडर द ग्रेट’ मात्र मला शाळेच्या पुस्तकातल्या धड्यासारखं कोरडं वाटतं; तिथे शिपाईच नाही.

नव्वदीत सूर पालटला. १९९२ चं ‘अफ्रेड टू शूट स्ट्रेंजर्स’ आखाती युद्धातल्या सैनिकाची घालमेल सांगतं. डिकिन्सन १९९३ मध्ये बाहेर पडला. ब्लेझ बेलीने गायलेला १९९५ चा ‘द एक्स फॅक्टर’ चाहत्यांनी फारसा जवळ केला नाही, पण त्यातलं ‘फॉर्च्युन्स ऑफ वॉर’ लढाईवरून परतलेल्या, मनातून मोडलेल्या माणसाचं आहे. डिकिन्सन परतल्यावर २००३ मध्ये ‘पॅशनडेल’ आलं: १९१७, बेल्जियम, साडेआठ मिनिटं नुसता चिखल आणि काटेरी तारा.

त्याच पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. अन्न संपलं आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली. पुढे कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत कितीतरी जण गेले. आपल्याकडे त्या शिपायांचा पोवाडा माझ्या तरी कानावर आलेला नाही.