सा-प-सा लावलेल्या सिगार बॉक्स गिटारवर धून वाजते

‘तीन तारांची सिगार बॉक्स गिटार (सिगारच्या खोक्याची गिटार) जी-डी-जी लावली की नुसते कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजतात, धून नाही,’ असं नौपाड्यात आमच्या गच्चीवर जमणारी पोरंही मला ऐकवतात. अजिबात नाही! जी-डी-जी म्हणजे आपलं सा-प-सा. गिटारसारखे पडदे (फ्रेट) असतील तर जाड तारेवर मोकळा सा, दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म. मधली तार मोकळी प, दुसऱ्यावर ध, चौथ्यावर नि. बारीक तार मोकळी छेडली की वरचा सा. पाच पडद्यांत अख्खं सप्तक, हात सरकवायलाच नको.

अडतं ते चाल मंद्र पंचमाला, म्हणजे सा-च्या खालच्या प-ला, उतरते तेव्हा. मग मधली तार दोन पडद्यांइतकी उतरवून डीची सी करा आणि तिलाच सा माना: जाड तार खालचा प होते, म्हणजे प-सा-प. म्हणून खुंटीला हात लावण्याआधी चालीतला सर्वांत खालचा सूर गुणगुणून बघा.